ज्यू आणि अरब शिक्षकांना एकत्र आणायचंय? मग आधी हा क्रम समजून घ्या

इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब शिक्षकांना एकत्र बसवायचे प्रयत्न खूप होतात आणि त्यातले बरेचसे एकाच कारणाने फसतात, क्रम चुकतो. आधी कळस मग पाया. हॉल बुक होतो, हुमुस-फलाफल येतं, दोन्हीकडचे वीस-वीस जण गोल करून बसतात, कोणीतरी शांततेवर छान बोलतं, ग्रुप फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या शाळेत, तिथे काडीचाही फरक पडलेला नसतो. उलट कधीकधी पहिल्याच भेटीत कोणीतरी गाझाचा विषय काढतं, अर्ध्या तासात दोघीतिघी रडत बाहेर जातात आणि पुन्हा कोणी येत नाही.

लोद, रामला, बेअर शेवा, दिमोना, अश्दोद इथे आपली बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या ज्यूंची मराठी घरं आहेत, त्यातली लोद आणि रामला ही तर ज्यू-अरब मिश्र शहरं. तिथल्या शिक्षकांनी, आणि भारतातून अशा कामात पडायची इच्छा असणाऱ्यांनीही, हे नीट वाचावं म्हणून लांबलचक लिहितोय. घाई असेल तर निदान टप्पा ५ आणि ६ तरी सोडू नका.

मुलांना एकत्र आणायचं सोडून शिक्षकांच्या मागे का लागायचं, हे एकदा सांगतो आणि पुढे जातो. इस्रायलच्या लोकसंख्येत साधारण पाचातला एक जण अरब आहे पण शाळा जवळजवळ पूर्ण वेगळ्या. ज्यू मुलं हिब्रू शाळेत, त्यातही साधी सरकारी, सरकारी-धार्मिक आणि हरेदी (अतिकर्मठ ज्यू) असे वेगळे प्रवाह, अरब मुलं अरबी शाळेत. त्यामुळे शिक्षक स्वतः अशाच वेगळ्या शाळेत शिकून आलेला असतो आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाशी त्याची पहिली बरोबरीची भेट कित्येकदा कॉलेजात किंवा थेट नोकरीतच होते. मुलांची एक दिवसाची ट्रिप विरून जाते, शिक्षक मात्र तोच राहतो आणि दर वर्षी नवा वर्ग त्याच्यासमोर येऊन बसतो.

टप्पा १: कोणाला बोलवायचं ते ठरवा, आणि "अरब" हा एकच गठ्ठा समजू नका

सगळ्यात आधी कागदावर लिहा की हे इस्रायलचे नागरिक असलेले अरब शिक्षक आहेत की वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी शिक्षक. ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. वेस्ट बँकमधल्या माणसाला यायला लष्करी परमिट लागतं, त्याचं शिक्षण मंत्रालय वेगळं, अभ्यासक्रम वेगळा आणि गावात "सलोखा करायला गेला" म्हणून त्याच्यावर येणारं प्रेशर फार मोठं. हा लेख पहिल्या गटाबद्दल आहे, एकाच देशात एकाच मंत्रालयाखाली पगार घेणाऱ्यांबद्दल. हे दोन गट पहिल्याच खेपेला एकत्र करू नका.

नागरिक असलेल्या अरबांमध्येही मुस्लिम, ख्रिश्चन, दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातले बेदुइन (मूळ भटके अरब) असे वेगवेगळे समाज, द्रुझ हा वेगळ्या धर्माचा अरबी बोलणारा समाज तर स्वतःची ओळख बऱ्याचदा वेगळीच सांगतात आणि त्यांचे पुरुष लष्करात जातात. ज्यूंमध्येही मोरोक्को-इराकहून आलेली घरं, रशियन, इथिओपियन, धार्मिक, सेक्युलर. आजीच्या तोंडून अरबी ऐकलेला मिझराही, म्हणजे अशा मोरोक्को-इराककडच्या घरातला ज्यू शिक्षक आणि तेल अवीवचा सेक्युलर शिक्षक खोलीत सारखे वागत नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

संख्या सोळा ते चोवीसच्या मध्ये ठेवा, निम्मे-निम्मे. निम्मे म्हणजे खरंच निम्मे. चौदा ज्यू आणि सहा अरब आले तर ते सहा जण पूर्ण वेळ अख्ख्या समाजाचे प्रवक्ते बनून बसतात, थकतात आणि यायचं बंद करतात. एका शाळेतून एकटा माणूस घेऊ नका, किमान दोघं घ्या, कारण स्टाफरूममध्ये परत गेल्यावर टोमणे ऐकायला एकटा माणूस फार काळ टिकत नाही.

चेक करा: यादीत एकाच विषयाचे शिक्षक आहेत का? सुरुवातीला एक विषय धरला तर काम खूप सोपं होतं. इंग्रजीचे शिक्षक सगळ्यात बरे, कारण इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नाही, दोघांना वर्गात येणारे त्रास तेच. गणित, विज्ञानही चालेल. इतिहास आणि नागरिकशास्त्रवाल्यांना पहिल्या वर्षी घेऊ नका असं माझं ठाम मत आहे.

टप्पा २: परवानगी वरून, इच्छा खालून

१९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की दोन गट नुसते भेटून पूर्वग्रह जात नाहीत, त्याला चार गोष्टी लागतात: भेटीत बरोबरीचं स्थान, एक सामाईक उद्दिष्ट, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा उघड पाठिंबा. पहिल्या तीन गोष्टींचं पुढे येईलच पण चौथी सगळेच विसरतात.

म्हणून आधी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटा, मग शिक्षण मंत्रालयाच्या जिल्हा इन्स्पेक्टरला. कार्यक्रम शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या तासांमध्ये मोजला जाईल अशी सोय करा, त्याला तिकडे हिश्तालमुत म्हणतात आणि ते तास पगारवाढीला लागतात. गावोगावी पिसगा नावाची शिक्षक-प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यांच्यामार्फत तीस तासांचा कोर्स मंजूर करून घेता येतो. असा शिक्का बसला की शिक्षक घरी आणि गावात "कोर्सला जातोय" एवढंच सांगू शकतो, राजकारण करायला जातोय असं कोणाला वाटत नाही, आणि ही सोय अरब शिक्षकाला जितकी लागते तितकीच धार्मिक शाळेतल्या ज्यू शिक्षकालाही लागते.

अरब शिक्षक सुरुवातीला गप्प का असतात हेही समजून घ्या. २००५ पर्यंत अरब शिक्षण विभागात अंतर्गत गुप्तचर संस्थेचा, म्हणजे शिन बेतचा माणूस असायचा आणि मुख्याध्यापक-शिक्षकांच्या नेमणुकांवर त्याची नजर असायची. ज्यांनी त्या काळात नोकरी धरली ते आज सीनियर आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर सोशल मीडियावरच्या पोस्टवरून अरब शिक्षकांवर आणि विद्यार्थ्यांवर कारवाया झाल्या, पेताह तिकवातल्या एका ज्यू शिक्षकालाही गाझाबद्दलच्या पोस्टवरून नोकरीवरून काढलं आणि अटक झाली. तेव्हा "मोकळेपणाने बोला" असं सांगून कोणी मोकळं बोलत नसतं. त्यासाठी पुढचा नियम लेखी लागतो.

सावधान: खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, रेकॉर्डिंग नाही, फोटो सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही, आणि इन्स्पेक्टरला फक्त हजेरी आणि तयार झालेला धडा मिळेल, कोण काय बोललं ते मिळणार नाही. हे दोन्ही भाषांत लिहून इन्स्पेक्टरची सही घ्या. सही द्यायला तयार नसेल तर अवघड विषयाचा टप्पा या वर्षी वगळा.

टप्पा ३: फॅसिलिटेटर नेहमी जोडीने

फॅसिलिटेटर म्हणजे गटाची चर्चा चालवणारा माणूस. एक ज्यू, एक अरब. वाटाघाटीला जागाच नाही इथे. नेवे शालोम–वाहत अस्-सलाम हे जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मध्ये असलेलं ज्यू-अरब एकत्र राहणाऱ्यांचं गाव, तिथल्या स्कूल फॉर पीसमध्ये १९७९ पासून हे काम चालू आहे आणि त्यांची पद्धत जोडीचीच आहे. उत्तरेकडच्या वादी आरा भागातलं गिवात हवीवा हेही जुनं केंद्र, तिथेही प्रशिक्षित माणसं सापडतात. हौशी माणूस घेऊ नका, मनमिळाऊ असला तरी घेऊ नका.

जोडी नेमताना लोकं एक चूक हमखास करतात. ज्यू फॅसिलिटेटर अनुभवी, वयाने मोठा, कार्यक्रम तोच चालवणार, आणि अरब फॅसिलिटेटर नवखी मुलगी, तिचं काम भाषांतर आणि चहापाणी. गटाला हे पहिल्या दहा मिनिटात दिसतं आणि मग बरोबरीवर तुम्ही कितीही बोला, कोण ऐकणार? दोघांचं मानधन सारखं, सुरुवात कोण करणार ते आलटून पालटून, आणि मुख्याध्यापकाला फोन दोघांनी मिळून करायचा.

चेक करा: दोघांनी एकमेकांशी अवघड विषय बोलून झालाय का? १९४८ (इस्रायलची स्थापना आणि पॅलेस्टिनींचं विस्थापन), लष्करातली नोकरी, ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला, गाझा. गटासमोर पहिल्यांदा त्यांच्यात मतभेद निघाला तर दोघंही गडबडतात. कार्यक्रमाच्या आधी त्यांना किमान दोन पूर्ण दिवस फक्त एकमेकांसोबत द्या.

टप्पा ४: तारीख, जागा, जेवण आणि शाळेचं गेट

हे सगळं किरकोळ वाटतं आणि घोडं इथेच अडतं.

तारखा: दोन्हीकडची कॅलेंडरं समोरासमोर ठेवून बसा. सप्टेंबर-ऑक्टोबर ज्यू सणांमध्ये जातो, पासोव्हर हा ज्यूंचा मोठा सण वसंतात, रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. शुक्रवारी दुपारनंतर काहीच ठेवू नका, हिवाळ्यात शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, फार लवकर लागतो. अरब शाळांची आठवड्याची सुट्टी गावाप्रमाणे बदलते, कुठे शुक्रवार-शनिवार, ख्रिश्चन शाळेत रविवार. आणि जड दिवस वेगळे लिहून ठेवा: होलोकॉस्ट स्मृतिदिन, शहीद सैनिकांचा स्मृतिदिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, हे हिब्रू पंचांगाने सरकतात. ३० मार्च भूमिदिन (१९७६ मध्ये जमिनी ताब्यात घेण्याविरुद्धच्या आंदोलनात मारल्या गेलेल्या अरबांची आठवण), १५ मे नकबा दिन (१९४८ च्या विस्थापनाची आठवण), २९ ऑक्टोबर कफ्र कासिमचा दिवस (१९५६ मध्ये त्या अरब गावात झालेल्या हत्याकांडाची आठवण), ७ ऑक्टोबर. या दिवशी मीटिंग नको. त्या आठवड्यात ठेवायचीच असेल तर मुद्दाम, त्यावर बोलायला म्हणून ठेवा. चुकून पडली असं होता कामा नये.

जागा: आलटून पालटून. सगळ्या भेटी ज्यू शहरातल्या छान एसी हॉलमध्ये ठेवल्या की एक जण कायमचा यजमान आणि दुसरा कायमचा पाहुणा होतो. अरब गावांमध्ये बस कमी असतात त्यामुळे गाडीची सोय दोन्हीकडून करा.

जेवण: कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम, पाळणाऱ्याला ते न पाळणाऱ्या घरचं शिजवलेलं चालत नाही, कितीही प्रेमाने केलेलं असो. अरब यजमान दोन दिवस खपून मकलुबा (भात-भाजी-मांसाचा पदार्थ) करतात आणि निम्मे लोक नुसते बघत बसतात, दोन्हीकडे वाईट वाटतं. आधीच सांगा. फळं, सुका मेवा, कोशरचा शिक्का असलेली सीलबंद पाकिटं, कागदी प्लेट, कॉफी. मांस असेल तर कोशर आणि हलाल दोन्ही बघा, नाहीतर सरळ शाकाहारी ठेवा, प्रश्न मिटला. रमजानात दुपारी कॉफी ब्रेक नको, संध्याकाळी इफ्तारला धरून भेट ठेवा. पासोव्हरच्या आठवड्यात पाव-बिस्कीट नको. नमाजासाठी आणि मिंखासाठी, म्हणजे ज्यूंच्या दुपारच्या प्रार्थनेसाठी, एक शांत खोली द्या, एकच खोली वेगवेगळ्या वेळी पुरते.

गेट: याकडे कोणीच बघत नाही म्हणून जरा लांब लिहितो. इस्रायलच्या शाळांच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड असतो. हिजाब घातलेली शिक्षिका ज्यू शाळेच्या गेटवर येते, गार्ड आयडी मागतो, पर्स उघडायला लावतो, आत फोन करतो, त्या पाच मिनिटांत तिच्या मागून आलेले दोन ज्यू शिक्षक "शालोम" म्हणून सरळ आत निघून जातात. ती आत येऊन बसते, हसते, कॉफी घेते, पण तिची मीटिंग गेटवरच संपलेली असते. उपाय साधा आहे. आदल्या दिवशी गार्डला सगळ्यांची नावं द्या, ज्यूंचीही, यजमान शाळेचा मुख्याध्यापक स्वतः गेटवर उभा राहील असं ठरवा, आणि तपासणी करायचीच असेल तर सगळ्यांची सारखी. उलट बाजूलाही असंच. अरब गावात कधीच न गेलेला ज्यू शिक्षक मनातून घाबरलेला असतो पण सांगत नाही, ऐनवेळी "मुलाला ताप आला" असा मेसेज करतो. त्याला गावाच्या तोंडाशी न्यायला कोणीतरी उभं राहा, लोकेशन पाठवून मोकळे होऊ नका.

टप्पा ५: भाषेची व्यवस्था लावा, आणि ती पाळा

गट बसला की पहिल्या दहा मिनिटांत सगळं हिब्रूत चालू होतं. कोणी ठरवलेलं नसतं. अरब शिक्षकांना हिब्रू येतं, शाळेत तिसरीपासून सक्तीचं आहे, ज्यू शिक्षकांना अरबी बहुतेक येत नाही आणि ज्यांनी शाळेत घेतलीय त्यांनी पुस्तकी अरबी घेतलीय, बोलीभाषा नाही. मग "सगळ्यांनाच हिब्रू समजतंय ना, वेळ कशाला घालवायचा" असं होतं. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून "विशेष दर्जा" ठेवला, ही जखम ताजी आहे, त्यामुळे तुमच्या खोलीत अरबीचं काय होतं याकडे लोकं बारीक लक्ष ठेवून असतात.

करायचं ते असं. ज्याला ज्या भाषेत बोलायचंय त्यात बोलू द्या आणि दर तीन-चार वाक्यांनी भाषांतर करा, दोन्ही दिशांनी, हिब्रूचं अरबीतही, अरबांना समजलेलं असलं तरी. वेळ दीडपट लागतो, तो धरूनच अजेंडा बनवा. भाषांतर करायला बाहेरचा माणूस घ्या, गटातली अरब शिक्षिका नको, ती सहभागी व्हायला आलीय. हेडफोनवालं तात्काळ भाषांतर महाग पडतं आणि माझ्या मते शिक्षकांच्या छोट्या गटात त्याची गरजही नाही, उलट थांबून केलेल्या भाषांतरामुळे रागावलेल्या माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

कागद, बोर्ड, नावाच्या पट्ट्या, व्हॉट्सॲप मेसेज सगळं दोन्ही लिपीत. अरबी नावं हिब्रूत लिहून चुकीची होतात तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं नाव दोन्ही लिपीत कसं लिहायचं ते आधी विचारा. व्हॉट्सॲप ग्रुप हमखास घसरतो, दुसऱ्या आठवड्यापासून सगळं हिब्रूत, म्हणून ग्रुप ॲडमिनही दोघं.

चेक करा: दुसऱ्या भेटीनंतर नुसतं मोजा, अरबीत किती वेळ बोललं गेलं. दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तिसऱ्या भेटीचा पहिला तास फक्त अरबीत ठेवा, हिब्रूत भाषांतरासह. ज्यू शिक्षक अवघडतील. अवघडू द्या, त्यांच्या वर्गात बसलेल्या अरब मुलाला किंवा कॉलेजातल्या अरब विद्यार्थिनीला कसं वाटतं हे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने इतकं पटकन कळत नाही.

टप्पा ६: एकत्र यायच्या आधी वेगवेगळे बसा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. "एकत्र आणायचंय तर वेगळं कशाला बसवायचं?" असं आयोजक विचारतात. कारण अरब गटाला आपापसात ठरवावं लागतं की आपण किती बोलायचं, नोकरीला धोका कुठे आहे, आपल्यातलाच द्रुझ सहकारी लष्कराबद्दल वेगळं बोलला तर काय करायचं. आणि ज्यू गटातही असे लोक असतात की ज्यांना आपली भीती दुसऱ्यांसमोर पहिल्यांदा बोलायची लाज वाटते, त्यांच्यातही डावे-उजवे भांडण असतं, ते आधी घरात निस्तरलेलं बरं.

प्रत्येक गटाची स्वतंत्र बैठक तीन तासांची, आपापल्या भाषेत, आपापल्या फॅसिलिटेटरसोबत. तीन प्रश्न पुरे: तुम्ही इथे का आलात, तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि वर्षाच्या शेवटी तुमच्या वर्गात काय बदललेलं बघायचंय. उत्तरं कागदावर घ्या पण नावाशिवाय. पुढेही दर दोन एकत्र भेटींनंतर अशी एक वेगळी बैठक ठेवा.

सावधान: तिसऱ्या प्रश्नाला दोन्हीकडून वेगळीच उत्तरं येतात. ज्यू शिक्षकांना बहुतेक ओळख, मैत्री हवी असते आणि अरब शिक्षकांना बहुतेक समान वागणूक, बजेट, वर्गखोल्या, आपली कहाणी ऐकली जाणं हवं असतं. हा फरक लपवू नका. पहिल्या एकत्र भेटीत दोन्ही कागद भिंतीवर लावा. लपवला तर चौथ्या भेटीला "आम्ही मैत्री करायला आलो आणि तुम्ही तक्रारी करताय" असं होणारच.

टप्पा ७: पहिल्या दोन भेटी कामाच्या

गोलात बसून आत्मचरित्र सांगायला लावू नका. ओळख करून द्यायला एक वस्तू: प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एखादं मुलाचं वही-पान आणायचं, मुलाचं नाव झाकून, की ज्यावर आपण अडकलोय. एक ज्यू, एक अरब अशी जोडी त्या दोन पानांवर बसते. इंग्रजीचे शिक्षक असतील तर लगेच कळतं की उजवीकडून डावीकडे लिहायची सवय दोन्हीकडच्या मुलांना आहे आणि इंग्रजी लिहिताना दोन्हीकडची मुलं तशीच अडखळतात. अर्ध्या तासात ते एकमेकांना वर्कशीट पाठवायला लागतात. बरोबरी म्हणतात ती अशी कामातून येते.

मग जोड्यांना एक ठोस काम द्या: चार तासिकांचा एक धडा, दोघांच्याही वर्गात शिकवता येईल असा, दोन्ही भाषांत. तारीख द्या. जोड्या वर्षभर बदलू नका. धडा असा निवडा की एकट्याने होणार नाही, उदाहरणार्थ दोन्ही गावांमधून वाहणारा ओढा, वरच्या गावात एक शाळा नमुने घेणार, खालच्या गावात दुसरी.

टप्पा ८: अवघड विषय, तिसऱ्या-चौथ्या भेटीत, टाळू नका

पहिल्या भेटीत नको हे खरं पण कधीच नको असंही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांना माहीत असतं काय राहिलंय ते. नुसती धड्याची वर्कशीटं करत राहिलं तर बाहेर पहिला दंगा झाला की सगळं कोसळतं, जसं मे २०२१ मध्ये लोद, अक्को, रामलात शेजारी शेजाऱ्यावर उठले तेव्हा झालं.

पद्धत म्हणून एक चांगला नमुना आहे. ज्यू मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांनी १९९८ मध्ये प्राइम ही संस्था काढली आणि दोन्हीकडच्या इतिहास शिक्षकांकडून एकेका घटनेचे दोन वृत्तांत शेजारी-शेजारी लिहून घेतले, मध्ये रिकामा रकाना, विद्यार्थ्याने भरायचा. दोघांचा मिळून एकच इतिहास लिहायचा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळातही शिक्षक भेटत राहिले. ते त्या दुसऱ्या, वेस्ट बँकवाल्या प्रकारचं काम होतं पण पद्धत इथेही चालते.

तुमच्या गटात असं करा. एक मर्यादित घटना घ्या, आपल्याच भागातली. दोन्ही गटांनी वेगळं बसून एक-एक पान लिहायचं. मग वाचायचं, आणि पहिला तासभर फक्त प्रश्न विचारायचे, खोडून काढायचं नाही. "तुम्ही असं का म्हणता" हा प्रश्न नाही, तो हल्ला आहे. "हे तुम्हाला कोणी सांगितलं, घरी की शाळेत" हा प्रश्न आहे. शेवटी प्रत्येकाने दुसऱ्या गटाचं पान आपल्या शब्दांत सांगायचं, ते ज्यांचं आहे त्यांना पटेपर्यंत. पटलं पाहिजे म्हणजे मान्य केलं पाहिजे असं नाही. आपलं बरोबर ऐकलं गेलं एवढंच.

सावधान: २०११ च्या एका कायद्याने, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने स्वातंत्र्यदिन हा शोकदिन म्हणून पाळला तर तिचा निधी कापता येतो. शिक्षकांनी आपसात १९४८ वर बोलणं वेगळं आणि शाळेने कार्यक्रम करणं वेगळं, पण मुख्याध्यापक घाबरतात, म्हणून हा फरक त्यांना आधी समजावून सांगा.

सावधान: कोणाच्या घरात माणूस गेलाय का ते आधी माहीत करून घ्या. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात गेलेल्यांचे नातेवाईक खोलीत असू शकतात, मारल्या गेलेल्यांत बेदुइनही होते, आणि शेजारी बसलेल्या अरब शिक्षिकेचे मामा-मावश्या गाझात असू शकतात. दुःखाची तुलना सुरू झाली की फॅसिलिटेटरने तिथेच थांबवायचं. दोन्ही दुःखं खोलीत मावतात, फक्त एकाने दुसऱ्याला उत्तर म्हणून आपलं दुःख काढायचं नाही.

टप्पा ९: एकमेकांच्या वर्गात

आधी जोडीदाराचा वर्ग नुसता बघायचा, मागच्या बाकावर बसून. मग एक तासिका दोघांनी मिळून शिकवायची. हँड इन हँड या संस्थेच्या हिब्रू-अरबी द्विभाषिक शाळांमध्ये, ज्या १९९८ पासून चालू आहेत, एका वर्गात एक ज्यू आणि एक अरब शिक्षक असे दोघं उभे राहतात, जमलं तर अशी एखादी शाळा गटाने बघून यावी, जेरुसलेममधली सगळ्यात माहितीची.

मुलांची भेट सगळ्यात शेवटी, आणि पालकांना आधी बोलवून. पालकांची मीटिंग दोन्ही शिक्षकांनी मिळून घ्यायची. "आमच्या पोरांना राजकारण शिकवताय का" हा प्रश्न येणारच, त्याला धडाच दाखवा, ओढ्याचे नमुने दाखवा.

टप्पा १०: बाहेर पेटलं तर काय, हे शांतता असतानाच लिहून ठेवा

दंगा, हल्ला, युद्ध, काहीतरी होणारच, वर्षभरात एकदा तरी. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच एक पान ठरवून घ्या. पहिले अठ्ठेचाळीस तास व्हॉट्सॲप ग्रुपवर बातम्या, व्हिडिओ, झेंडे काही नाही, फक्त "तू ठीक आहेस का". हा मेसेज जोडीदाराने जोडीदाराला वैयक्तिक पाठवायचा, आणि याची वाट दोन्हीकडे बघितली जाते, खरंच. फॅसिलिटेटर प्रत्येकाला फोन करणार. ठरलेली भेट रद्द करायची नाही, फार तर ऑनलाइन किंवा आधी वेगवेगळी घ्यायची. "तू निषेध का केला नाहीस" हा प्रश्न ग्रुपवर बंद, तो भेटीत समोरासमोर विचारता येईल.

चेक करा: गट थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? फक्त एका बाजूच्या मुख्याध्यापकाकडे असेल तर तो दबावाखाली पहिल्याच दिवशी थांबवेल. दोघांच्या सहमतीशिवाय थांबणार नाही असं टप्पा २ च्या कागदातच घाला.

टप्पा ११: काय साधलं ते कसं बघायचं

शेवटच्या दिवशीचे फीडबॅक फॉर्म फार कामाचे नसतात, तेव्हा सगळेच भारावलेले असतात. सहा महिन्यांनी विचारा, आणि भावना विचारू नका, केलेलं काम विचारा. जोडीदाराशी शेवटचं कधी बोललात? धडा यावर्षी पुन्हा शिकवलात का? वर्गात कोणी "अरबांना हाकला" किंवा उलट असं काही बोललं तेव्हा तुम्ही काय केलंत? स्टाफरूममध्ये दुसऱ्या बाजूबद्दल खोटी गोष्ट फिरत होती ती तोडलीत का? तीन-चार शिक्षकांनी जरी या शेवटच्या प्रश्नाला खरंखुरं उदाहरण दिलं तरी वर्ष वाया गेलं नाही असं मी धरतो.

पुढच्या वर्षाची तयारी मात्र मे महिन्यातच करा. हायस्कूल २० जूनला आणि प्राथमिक शाळा ३० जूनला बंद होतात, मग शिक्षक हातात सापडत नाहीत, १ सप्टेंबरला शाळा उघडते आणि लगेच सण लागतात, म्हणजे उन्हाळ्याआधी तारखा आणि जोड्या पक्क्या झाल्या नाहीत तर पहिली भेट सरळ नोव्हेंबरवर जाते. जुन्या गटातल्या दोघांना, एक ज्यू एक अरब, पुढच्या गटाचे सहाय्यक फॅसिलिटेटर म्हणून घ्या, त्यांचं प्रशिक्षण जुलैत लावा आणि त्याचं मानधन यावर्षीच्याच बजेटमध्ये धरा.